दाढ निघाली, दुखणं राहिलं: जबड्याच्या हाडातली सूज प्रयोगशाळेत कशी मोजतात

खालची दाढ काढून तीन महिने झाले. वरून जखम भरली, जेवण सुरू झालं, पण आत कुठंतरी ठसठस आहेच. एक्स-रे काढला तर त्यात बोट ठेवावं असं काही दिसत नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेत हाडाचा बारीकसा तुकडा घेऊन त्यातली प्रथिनं मोजता येतात. ही तपासणी अजून तरी मुख्यतः संशोधनात वापरली जाते, रक्तातल्या साखरेसारखी रोजची झालेली नाही. ती कशी होते आणि कुठं फसते हे तालुक्याच्या दंतवैद्याला, लॅब टेक्निशियनला आणि रिपोर्ट हातात धरून बसलेल्या घरच्या माणसांनाही कळायला हवं.

एक्स-रे का चुकतो ते आधी पाहू. एक्स-रेत दिसतो तो हाडातला चुना, म्हणजे कॅल्शियमचा भाग. साधारण ३० ते ५० टक्के खनिज झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेवर काळी जागा उमटत नाही, आणि बाहेरचं कठीण कवच शाबूत असेल तर आतल्या जाळीदार हाडातला बिघाड आणखी लपतो. झीज होण्याआधी पेशी एकमेकींना निरोप धाडू लागतात, आणि हे निरोप म्हणजेच प्रथिनं. गालाला सूज आली तर आरशात दिसते. हाडाला मात्र फुगायला जागा नसते, म्हणून तिथली सूज, डॉक्टर ज्याला दाह म्हणतात ती, दुखण्यातून किंवा अशा निरोपांतूनच कळते.

कोणती प्रथिनं मोजतात?

आग लागल्याची पहिली आरोळी देणारी दोन: इंटरल्युकिन-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा. त्यांच्या पाठोपाठ इंटरल्युकिन-६. इंटरल्युकिन-८ पांढऱ्या पेशींना, खास करून न्यूट्रोफिल्सना, त्या जागी बोलावतं. त्या पेशी येताना एमएमपी-८ नावाचं कात्रीसारखं एन्झाइम घेऊन येतात आणि ते कोलॅजेनचे धागे कापतं. सीसीएल-५, ज्याचं जुनं नाव रँटेस, हेही पेशी बोलावण्याचंच काम करतं. त्याची एक खोड आहे, ती पुढं येईल.

हाडाच्या दृष्टीनं सगळ्यात कामाची जोडी म्हणजे रँकल आणि ओपीजी. हाड खाणाऱ्या पेशी तयार व्हायच्या तर त्यांच्या पृष्ठभागावरच्या कुलपात रँकलची किल्ली फिरावी लागते. ओपीजी म्हणजे मोकळं हिंडणारं खोटं कुलूप: किल्ली त्यातच अडकते आणि हाड वाचतं. म्हणून नुसतं रँकल किती हे पाहून भागत नाही, दोन्हींचं गुणोत्तर लागतं. (आपल्याकडे 'ओपीजी काढून आणा' म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे. नाव तेच, पण या प्रथिनाचा त्याच्याशी काही संबंध नाही. रेफर करताना चिठ्ठीवर दोन्ही शब्द पूर्ण लिहिले तर माणसाची एक खेप वाचते.)

मग साधी रक्ताची सीआरपी तपासणी का चालत नाही? सीआरपी हे शरीरात कुठंही दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, ते यकृतात तयार होतं. जबड्यातल्या वाटाण्याएवढ्या जागेतल्या दाहानं ते वाढेलच असं नाही, आणि वाढलंच तर ते दाढेमुळं की मलेरियामुळं की पायाच्या जखमेमुळं, हे आकडा सांगत नाही.

तुकडा कसा घ्यायचा

मशीन कितीही भारी असलं तरी रिपोर्टचं भवितव्य बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच ठरतं, म्हणून या भागावर जरा रेंगाळू.

लागतो किती? तुरीच्या एका दाण्याएवढा, म्हणजे ५० ते १०० मिलिग्रॅम. शस्त्रक्रियेआधी तोंड नीट धुवून घ्यायचं आणि लाळ सक्शननं बाजूला ठेवायची, कारण लाळेत एमएमपी-८ मुळातच असतं आणि प्रथिनं कापणारी इतर एन्झाइमंही असतात. कवच उघडताना बर, म्हणजे ड्रिलचं कोरणारं टोक, हळू फिरवायचा आणि त्यावर गार सलाइनची धार चालू ठेवायची. ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा होते, हे १९८३ साली स्वीडनमधल्या एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी दाखवून दिलं आहे. बरमधून उडालेला भुगा तपासणीला पाठवू नका, तो तापलेला असतो. आतला मऊ भाग चमच्यासारख्या क्युरेटनं किंवा २-३ मिलिमीटरच्या पोकळ ट्रिफाइननं काढायचा.

काढलेला तुकडा बर्फावर ठेवलेल्या बफर सलाइनमध्ये दोन-तीन सेकंद बुडवून वरचं रक्त उतरवायचं, फिल्टर पेपरवर टिपायचं आणि लगेच नळीत टाकायचं. भिजत ठेवला तर रक्ताबरोबर आपल्याला हवी असलेली प्रथिनंही पाण्यात उतरतात. नळी रिकामी असतानाच वजन करून त्यावर लिहून ठेवलं की तुकड्याचं वजन पुढं आपोआप निघतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. दवाखान्यात हाडाचा कुठलाही तुकडा निघाला की तो फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो, हाताला तशी सवयच लागलेली असते. फॉर्मेलिन प्रथिनांना एकमेकांत शिवून टाकतं. असा तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहायला उत्तम, पण त्यातून एलायझासाठी (प्रथिनं मोजायची नेहमीची पद्धत, ती पुढं येते) प्रथिनं काढता येत नाहीत. म्हणून तुकड्याचे तीन वाटे टेबलावरच करायचे. एक कोरड्या क्रायोव्हायलमध्ये, म्हणजे गोठवायच्या पेचदार नळीत. दुसरा हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली पाहायला, निदान दहापट फॉर्मेलिनमध्ये. तिसरा कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, निर्जंतुक नळीत, ओलसर आणि घट्ट झाकून, कारण जबड्यातले बरेच जंतू हवा लागली की मरतात. तुकडा तिघांना पुरणार नसेल तर प्रथिनांचा वाटा सोडा, बाकीचे दोन सोडू नका. उपचार त्या दोघांवर ठरतो.

उन्हाळा, अंतर आणि वीज

पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं: द्रवरूप नायट्रोजनमध्ये तत्काळ गोठवा आणि उणे ८० अंशांवर साठवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं असताना गडचिरोलीहून पावणेदोनशे किलोमीटरवरच्या नागपूरला नमुना न्यायचा असेल तर ही एक ओळ पुरत नाही.

गावाकडे द्रवरूप नायट्रोजन सगळ्यात जवळ सापडतो तो पशुवैद्यकीय दवाखान्यात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायचा कॅन हाच. त्यातून थोडा नायट्रोजन वेगळ्या छोट्या कॅनमध्ये, रीतसर पत्र देऊन, घेता येतो का ते विचारायला हरकत नाही. माणसाचा नमुना मात्र कांड्यांच्या कॅनमध्ये ठेवायचा नाही. कॅनचं झाकण आवळून बंद करायचं नाही आणि काचा लावलेल्या गाडीत तो न्यायचा नाही, असा नियम पाळा: नायट्रोजन उकळत राहतो, हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि ते कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडू शकतो. नळीच्या पेचात द्रव शिरला तर बाहेर काढताच नळी फुटूही शकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे हवेत.

उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ मिळाला तर प्रश्नच मिटतो. नाहीच मिळाला तर साधा बर्फ आणि थर्माकोलचा डबा. नळी झिपच्या पिशवीत, पिशवी बर्फाच्या मधोमध, वरून पुन्हा बर्फ, आणि त्याच दिवशी पोचवायचं. बर्फात मीठ कालवलं की तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, कुल्फीवाल्याची हीच युक्ती. पण ती इथं विचार करून वापरा. नमुना वाटेत गोठला आणि वितळला, मग लॅबमध्ये पुन्हा गोठवला, तर पेशी फुटून त्यांतली एन्झाइमं सुटतात आणि प्रथिनं खाऊ लागतात. शेवटपर्यंत गोठलेलाच राहील याची खात्री नसेल तर साध्या बर्फावर, न गोठवता नेलेला बरा.

रात्रभर ठेवायची वेळ आली तर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या फ्रीझरवर भरवसा नको. बर्फ साचू नये म्हणून तो स्वतःला अधूनमधून गरम करतो. भारनियमनाचा भाग असेल तर एका डबीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. सकाळी नाणं बर्फात रुतलेलं किंवा तळाशी गेलेलं दिसलं, तर रात्री वीज गेली होती आणि नमुना वितळून पुन्हा गोठला. डिजिटल डिस्प्ले ही गोष्ट सांगत नाही, तो फक्त आत्ताचं तापमान दाखवतो.

नळीवर पेननं लिहिलेलं स्पिरिट लागताच पुसलं जातं, गोठवायचं लेबल नसेल तर शिसपेन वापरा. तुकडा निघाल्याची वेळ आणि गोठवल्याची वेळ, दोन्ही मिनिटांसकट लिहा.

हाडातून प्रथिनं बाहेर काढणं

लॅबमध्ये खलबत्ता आधी द्रवरूप नायट्रोजननं गार करतात. गोठलेलं हाड ठिसूळ होऊन त्याची पूड होते. मध्येच वितळलं तर पूड न होता चिकट लगदा होतो, आणि तो पुन्हा कुटण्यात अर्थ नसतो. १०० मिलिग्रॅम पुडीला १ मिलिलिटर लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडून प्रथिनं सोडवणारं द्रावण: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४, १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का ट्रायटन एक्स-१००, आणि प्रथिनं कापणारी एन्झाइमं रोखणारं मिश्रण. त्यातलं पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, ७.५ पीएचच्या आसपास तासाभरात निम्मं संपतं. म्हणून ते ऐनवेळी घालायचं. काल घालून ठेवलेला बफर आज निकामी असतो, दिसायला मात्र तसाच. एसडीएस (साबणासारखं कडक रसायन) असलेला बफर वेस्टर्न ब्लॉटला, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पाहायच्या पद्धतीला, चालतो. एलायझात तोच अँटिबॉडीची, म्हणजे एकच ठरावीक प्रथिन पकडणाऱ्या रेणूची, पकड सैल करू शकतो.

बर्फावर अर्धा तास, दर पाच मिनिटांनी हलवत. मग ४ अंशांवर १४,००० जी वेगानं १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज. नळीत तीन थर दिसतात: तळाशी हाडाची पूड, मध्ये स्वच्छ द्रव, वर चरबीची पांढुरकी साय. मोठ्या माणसाच्या जबड्यातल्या मगजात चरबी भरपूर असते, त्यामुळं हा थर जाड येतो. पिपेटचं टोक सायीखाली नेऊन मधलाच थर घ्यायचा. चरबी प्लेटमध्ये गेली की रीडिंग वरखाली होतं. काढलेला द्रव १००-१०० मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून उणे ८० ला ठेवतात, म्हणजे दर तपासणीला नवी नळी आणि वितळणं एकदाच.

प्लेटवर काय घडतं

एलायझा ही पद्धत १९७१ साली आली, स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांच्याकडून आणि त्याच सुमारास नेदरलँड्समधून. ९६ खाचांची प्लेट असते. प्रत्येक खाचेच्या तळाला एका अँटिबॉडीचा लेप. नमुना घातला की हवं ते प्रथिन तिला चिकटतं. मग दुसरी अँटिबॉडी त्याच प्रथिनाला दुसऱ्या बाजूनं धरते. तिच्या शेपटाला एचआरपी नावाचं एन्झाइम लावलेलं असतं, आणि टीएमबी हे द्रावण घातलं की ते निळं होतं. आम्ल घालून थांबवलं की पिवळं. ४५० नॅनोमीटरवर त्याची गडदता मोजतात आणि माहीत असलेल्या मात्रांच्या वक्राशी ताडून पाहतात.

मात्रा किती बारीक? पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. त्यामुळं छोट्या चुकाही मोठ्या होतात. दर धुण्याला ३०० मायक्रोलिटर द्रावण, चार-पाच वेळा, आणि शेवटी प्लेट उलटी करून टिपकागदावर आपटायची. धुणं आळशीपणानं झालं की सगळी प्लेट पिवळी येते आणि सगळे रुग्ण 'पॉझिटिव्ह'. किटवर 'रूम टेम्परेचर' लिहिलेलं असतं ते २० ते २५ अंश धरून. आपल्याकडच्या एसी नसलेल्या खोलीत मेमध्ये ते ३८ असू शकतं, तेव्हा रंग घाईनं चढतो आणि कडेच्या खाचा वाळून मधल्यांपेक्षा वेगळ्या येतात. कुलरच्या झोतात ठेवलेल्या प्लेटचीही हीच गत. प्रत्येक नमुना दोन खाचांत लावायचा, आणि दोहोंत १५ टक्क्यांहून जास्त तफावत आली तर सरासरी काढून मोकळं न होता पुन्हा लावायचा.

एक तपासणी बरेच जण गाळतात. नमुन्यात माहीत असलेली मात्रा मुद्दाम मिसळायची आणि किती परत सापडते ते पाहायचं. ८० ते १२० टक्के सापडली तर ठीक. ५० सापडली तर हाडाच्या अर्कातलं काहीतरी अँटिबॉडीच्या आड येतंय, आणि नमुना आणखी पातळ करावा लागेल. किट बहुतेक वेळा रक्तातल्या सीरमसाठी बनवलेलं असतं, हाडाच्या अर्कासाठी नाही.

रक्ताचा घोटाळा

तुकडा कधी लहान, कधी मोठा असतो, म्हणून रिपोर्ट 'दर मिलिग्रॅम एकूण प्रथिनामागे किती पिकोग्रॅम' असा देतात. एकूण प्रथिन बीसीए पद्धतीनं मोजतात: ३७ अंशांवर अर्धा तास, जांभळा रंग, ५६२ नॅनोमीटर. (नमुन्यात ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर हा आकडा चुकतो.)

समजण्यापुरता हिशेब करू. अर्क दुप्पट पातळ करून इंटरल्युकिन-६ आलं १२० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे मूळ २४०. एकूण प्रथिन ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. भागाकार ६०. आता त्याच तुकड्यावर रक्ताची गुठळी राहिली असती, तर हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिनमुळं एकूण प्रथिन ८ झालं असतं आणि तोच रुग्ण ३० वर आला असता. ओल्या कापसाचं वजन केल्यासारखं आहे हे: काटा खोटं बोलत नाही, पण मोजतो ते कापूस आणि पाणी दोन्ही.

याच्या उलटही होतं. हिमोग्लोबिन स्वतः एचआरपीसारखं थोडं वागतं, त्यामुळं धुणं कमी पडलं तर फुकटचा रंग चढतो. आणि सीसीएल-५ ची ती खोड: ते रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये ठासून भरलेलं असतं. गुठळी झाली की बाहेर सांडतं. जबड्याच्या पोकळीतून काढलेल्या रक्ताळ मगजात रँटेस भरमसाट सापडलं, एवढ्यावर 'हाडात लपलेला जुनाट दाह' असं निदान ठोकून निरोगी दिसणारं हाड खरवडणं म्हणूनच धोक्याचं आहे. आधी विचारा: हिमोग्लोबिन मोजलं होतं का? शेजारच्या निरोगी हाडाचा नमुना त्याच रीतीनं घेतला होता का?

विदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथं सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या रक्तपेशी सहज फुटतात, शिवाय वेदनेचा झटका नसतानाही त्यांच्या शरीरात दाहाची प्रथिनं चढीच असतात. सिकलपेशींनी बारीक रक्तवाहिन्या तुंबून जबड्याच्या हाडाचा तुकडा मरू शकतो, हनुवटी बधिर होऊ शकते, आणि तिथं जंतुसंसर्ग झालेला नसतो. प्रथिनांचा आकडा दोन्हींत वाढलेला दिसेल. सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या सिकलसेलच्या तपासण्यांचा रिपोर्ट सोबत नसेल तर हा आकडा वाचताच येत नाही.

खर्ऱ्याचंही तसंच. सुपारी, तंबाखू आणि चुना दिवसभर गालात असणाऱ्याच्या हिरड्या आणि तोंडाचं अस्तर आधीच चिडलेलं असतं. तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर मागच्या दाढेजवळून स्वच्छ नमुना निघणं कठीण, लाळ मिसळतेच. तुलनेचा 'निरोगी' गट खर्रा न खाणाऱ्यांचा आणि रुग्ण खर्रा खाणारे असतील, तर फरक दाढेचा की खर्ऱ्याचा हे सांगता येणार नाही.

बाकीच्या पद्धती

तुकडा अगदी लहान असेल तर रंगीत मण्यांवरची मल्टिप्लेक्स तपासणी सोयीची: २५ ते ५० मायक्रोलिटरमध्ये दोन-तीन डझन प्रथिनं एकदम. महाग आहे आणि रक्ताच्या चुका तिलाही तशाच लागू. वेस्टर्न ब्लॉट आकडा ढोबळ देतो पण एक गोष्ट नेमकी दाखवतो: इंटरल्युकिन-१ बीटाचं कच्चं रूप ३१ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं माप) दिसतं, कामाला लागलेलं १७ ला. गोदामात माल आहे की बाजारात आला, हे त्यातून कळतं. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे हाडाचा काप अँटिबॉडीनं रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहण्यात, फॉर्मेलिनमधला तुकडा वापरतात, त्यामुळं ती ग्रामीण भागाला सगळ्यात परवडणारी वाट, आणि प्रथिन नेमकं कोणत्या पेशीत आहे तेही दिसतं. अट एकच: हाडातला चुना ईडीटीएनं सावकाश, आठवडे लावून काढायचा. घाईनं कडक आम्ल वापरलं की प्रथिनांचा आकार बिघडतो आणि रंग धरत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

जबड्याच्या हाडासाठी सर्वमान्य नॉर्मल रेंज नाही. एका लॅबचे ६० आणि दुसऱ्या लॅबचे ६० सारखे नसतात. म्हणून रिपोर्टवर त्याच लॅबनं, त्याच किटनं मोजलेल्या निरोगी हाडाचे आकडे शेजारी छापलेले हवेत, आणि ते हाड कुठून आणलं तेही. बहुधा ते अडकलेली अक्कलदाढ काढताना किंवा इम्प्लांटसाठी छिद्र पाडताना, लेखी संमती घेऊन मिळालेलं असतं.

चढा आकडा इतकंच सांगतो की तिथं दाह आहे. दाढेच्या मुळाशी पू आहे, क्षयाचा जंतू आहे, बुरशी आहे, गाठ आहे की हाड ठिसूळ होऊ नये म्हणून घेतलेल्या झोलेड्रोनिक अॅसिडनं हाड मेलं आहे, हे मायक्रोस्कोप, कल्चर आणि औषधांची चिठ्ठी सांगते. उतरता आकडाही निर्धास्त करत नाही: रुग्ण आठवडाभर डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडवर किंवा दुखण्याच्या गोळ्यांवर असेल तर प्रथिनं दबलेली असतात. म्हणून नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात: गेल्या १५ दिवसांतली सगळी औषधं (मेडिकलवरून न विचारता आणलेलीही), तंबाखू-खर्रा किती, सिकलसेलचा रिपोर्ट, आणि तुकडा निघाल्यापासून बर्फावर जाईपर्यंत गेलेली मिनिटं.